मावशीची नाव अडवली कुणी?

आमच्या घरात कुठलीही वस्तू घ्यायची ठरली की ती निवडायचं काम माझ्याकडे येतं. येतं म्हणजे, मी ते दुसऱ्या कुणाकडे जाऊच देत नाही. पंखा असो, गादी असो, किटली असो. मी वस्तूकडे बघतो, वस्तू माझ्याकडे बघते आणि आमचं जमून जातं. त्यामुळे मावशीसाठी ई-रीडर घ्यायचं ठरलं तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, "कुणी मध्ये पडू नका."

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. जन्मभर नाटकवाल्यांचे कपडे शिवले तिने. राजांना झगे शिवले, चोरांना चोरखिसे शिवले, पऱ्यांच्या पंखांना काठ लावले. सुईत दोरा ओवता ओवता डोळ्यांतला उजेडही कुणाच्या तरी झग्यात टाकून आली. आता आमच्याकडे असते, रस्त्याकडच्या खोलीत. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली, आणि हातात वाचनालयातून आणलेली तीन भागांची कादंबरी. दुसरा भाग संपला तिथे नायिका धुक्यात एका नावेत बसलेली. तिसऱ्या भागाची अक्षरं मुंगीच्या पायांएवढी. तेच पुस्तक वाचनालय ई-पुस्तक म्हणूनही देत होतं, आणि त्यातलं अक्षर हवं तेवढं मोठं करता येणार होतं.

"ऑपरेशननंतर बरेच दिवस अक्षराकडे बघायचं नाही म्हणालेत डॉक्टर," मावशी म्हणाली. "तिला तशी नावेत ठेवून मी डोळे कसे मिटू रे?"

आणि चष्म्याची काच पुसता पुसता तिने गुणगुणायला सुरुवात केली:

नाव निघाली धुक्यात, पाण्याला गं नाही वाट,
कुणी सांगा त्या बाईला, कुठं ठेवलाय काठ.

आता हे ऐकल्यावर कोण थांबेल? मी तडक दुकानात.

काउंटरवर एक ई-रीडर होता. काय सांगू तुम्हाला! पहाटे खिडकीत दुधाची वाटी ठेवावी तसा त्याचा प्रकाश. हातात घेतला तर झोपलेल्या चिमणीएवढं वजन. पान उलटलं की पाण्यावर वारा गेल्यासारखं वाटायचं.

"वाचनालयाची पुस्तकं वाचणार आहात का यावर?" विक्रेत्याने विचारलं.

"फारच हलका आहे," मी म्हणालो.

"हो, पण वाचनालयाची—"

"हाच द्या."

घरी येऊन मी वाचनालयाच्या साइटवर गेलो, माझ्या कार्डाचा नंबर टाकला, तिसरा भाग शोधला आणि ‘घ्या’ हे बटण दाबलं. पुस्तक आलं. ई-रीडरमध्ये चढवलं. उघडेना. बोटाने दाबलं, नखाने दाबलं, शेवटी प्रेमाने हाक मारली. ढिम्म.

बायकोने खोका उचलून मागची बारीक अक्षरं वाचली. "यात फक्त यांच्याच दुकानातली पुस्तकं उघडतात. वाचनालयाची चालत नाहीत."

"कुठे लिहिलंय?"

"तुम्ही न वाचता टाकलात, त्या खोक्याच्या मागे." मग खोका माझ्या हातात देत, "तुमचं जमलं होतं ना त्याच्याशी?"

दुसऱ्या दिवशी मी ती चिमणी परत केली आणि दुसरा ई-रीडर घेऊन आलो, नुसती पाटीच. करडी, जड, उजेड पोस्टाच्या खिडकीसारखा. पण वाचनालयाची पुस्तकं हिच्यात थेट उतरत होती. या वेळी मावशीच्याच कार्डाचा नंबर टाकला, म्हणजे तिचं ती घेईल. तिसरा भाग शोधला. पडद्यावर अक्षरं आली: ‘पुस्तक सध्या दुसऱ्या वाचकाकडे आहे. प्रतीक्षेत आपला क्रमांक पहिला.’

"हे पुस्तक म्हणजे नुसती हवाच ना?" मावशी म्हणाली. "मग एकाने घेतली की दुसऱ्याला का पुरत नाही?"

"वाचनालयाने एकच प्रत घेतलीय, मावशी. हवेची असली तरी एका वेळी एकालाच मिळते. त्याने परत केली की तुला."

मग सुरू झालं वाट बघणं. मावशी खिडकीशी बसायची आणि पुढची गोष्ट मोठ्याने रचत नाव स्वतःच वल्हवायची. एके दिवशी पलीकडे बाग निघाली, झाडांना कंदील लागलेले. एके दिवशी काठच चालत चालत नावेकडे आला. एकदा नायिका अर्ध्यातून माघारी फिरली. दूध गॅसवर राहिलं होतं. बायको हातात झारा घेऊन दारात ऐकत उभी राहायची आणि स्वयंपाकघरातून करपल्याचा वास धुक्यासारखा सरकत यायचा. मला तर ऑफिसात फायलींवर दव दिसायला लागलं. साहेबांनी काही विचारलं की लांब कुठेतरी वल्ह्याचा आवाज यायचा.

पण तो दुसरा वाचक काही पुस्तक परत करायचं नाव घेईना. रोज सकाळी बघावं तर पुस्तक त्याच्याकडेच.

"कसला माणूस असेल हा?" मी म्हणायचो. "मऊ खुर्चीत लोळत पडला असेल. एक ओळ वाचत असेल, दोन डुलक्या काढत असेल."

"ओळखीचा असल्यासारखं बोलताय," बायको म्हणाली.

ऑपरेशन परवावर आलं. मावशी त्या दिवशी गुणगुणलीसुद्धा नाही. तिच्या मांडीवरची पाटी बघवेना. मी उठलो आणि वाचनालय गाठलं.

ग्रंथपालबाई शिक्का मारत होत्या. मी सगळी हकिगत सांगितली. नाव, धुकं, डोळे, सगळं.

"वाचक कोण ते मला सांगता येत नाही. मलाही दिसत नाही," त्या म्हणाल्या. मग संगणकात डोकावल्या. "पण गंमत आहे. घेतल्यापासून त्यांनी ते एकदाही उघडलेलं नाही."

"उघडलेलंसुद्धा नाही?" माझा आवाज चढला. वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. "तुम्ही त्यांना निरोप पाठवा."

"पाठवते. काय लिहू?"

"लिहा, आपण पुस्तक अडवून बसला आहात. एक आजारी बाई त्यासाठी ताटकळते आहे. वाचायचं नसेल तर घेतलंत कशाला? थोडी तरी लाज बाळगा."

"त्यातली लाज काढू का?"

"अजिबात काढू नका."

त्यांनी बटण दाबलं. वाचनालयात शांतता. त्या शांततेत माझ्या खिशात फोन वाजला, टिंग.

मी फोन बाहेर काढला. ‘आपण पुस्तक अडवून बसला आहात,’ त्यात लिहिलं होतं.

आता तुम्हीच सांगा, जे पुस्तक उघडलंच नाही ते आपण घेतलं असं कुणाच्या मनात येईल? चिमणी परत केली म्हणजे पुस्तकही गेलं, असंच मी धरून चाललो होतो. ते बापडं माझ्या कार्डावर बसून होतं, आणि मी माझ्याच मागे रांग लावून स्वतःला शिव्या घालत होतो.

"पोहोचला वाटतं निरोप," ग्रंथपालबाई म्हणाल्या. चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. "परत करायचं बटण खाली उजवीकडे आहे."

घरी पोचेपर्यंत पुस्तक मावशीच्या पाटीत उतरलं होतं. तिने अक्षरं बोराएवढी केली आणि नावेत बसली. जेवायला उठली नाही, हाकेला ओ दिली नाही. ऑपरेशनला जायच्या दिवशी सकाळी तिने शेवटचं पान वाचलं, पाटी बंद केली, "चला," म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी चपला घालून उभी राहिली.

आता डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून पडली आहे आणि स्वतःशीच हसते आहे. मी हळूच विचारलं, "मावशी, काठावर कोण होतं गं?"

"सांगितलं तर तू वाचायचा नाहीस."

"पाटी दे मग."

"पुस्तक कधीच परत केलं. कुणीतरी ताटकळत असेल."

म्हणून पुन्हा वाचनालयात गेलो. ग्रंथपालबाईंनी माझं नाव रांगेत घातलं. "या वेळी मात्र तुमच्या पुढे खरंच दुसरं कोणीतरी आहे," त्या म्हणाल्या. "निरोप लिहायचाय?"

मी आधी खिशातला फोन बंद केला आणि मगच नको म्हणालो.