खोक्यातली खरवड

हॉटेलातल्या आचाऱ्याला काय चार हात असतात? कढई, झारा आणि मोठा जाळ, एवढं जमलं की जगातलं कुठलंही पार्सल घरी बनतं! मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहे. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं सहीसलामत बाहेर काढतो. मग बाटलीतून सॉस बाहेर काढणं मला जड जाणार आहे का? असं मी रविवारी दुपारी बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

बायको सोफ्यावर आडवी होती. तिने एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

त्याचं असं, की आमच्याकडे गोड बातमी होती. पण ती आम्ही दोघं आणि डॉक्टरीणबाई सोडून कुणालाच ठाऊक नव्हती. तिसरा महिना लागेपर्यंत ब्र काढायचा नाही, असं ठरलेलं. आता बातमी गोड असली तरी बायकोच्या तोंडाची चव पार गेली होती. भाताला वाफ आली की मळमळ. फोडणी तडतडली की ती थेट बाथरूममध्ये. आठवडाभर कोरडा पाव आणि लिंबाचं सरबत यांवर चाललं होतं. गाल बसले होते तिचे. मला आतून भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी फार बढाया मारतो.

अशात ती म्हणाली, "मला नूडल्स हव्यात. कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या. पांढऱ्या खोक्यातल्या."

"अगं, पण बाहेरचं सध्या नको म्हणाल्यात ना डॉक्टरीणबाई?"

"मग तू घरी कर. पण ताटात वाढू नकोस. ताट दिसलं तरी पोटात ढवळतं. खोक्यातच हव्यात."

बायको गणिताची शिक्षिका आहे. तिच्या बोलण्यात तर्क असतोच, हे मी गृहीत धरतो. या वेळी शोधायला गेलो नाही. आठवडाभरात तिने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, तेवढं पुरे होतं!

मी हॉटेलच्या मागच्या दाराशी गेलो. आचारी बाहेर पायरीवर हवा खात बसला होता.

"रिकामी खोकी मिळतील का?"

"धंदा काढताय?"

"छे हो! बायकोला नूडल्स करून घालायच्यात."

"म्हणजे घरच्या करून हॉटेलच्या म्हणून सांगणार?"

"नाही, तिला माहीत आहे."

"मग खोकी कशाला?"

"तिला खोक्यातच हव्यात."

त्याने हातातल्या झाऱ्याने डोकं खाजवलं. बाहेरचं खाऊ नका असं बाई का म्हणाल्या, ते मला तिथल्या तिथे पटलं. पण माणूस दिलदार! दहा-बारा खोकी दिली, वर हॉटेलचं नाव छापलेली पिशवी दिली आणि मंत्रही दिला. "कढईतून धूर निघेपर्यंत थांबायचं. धूर नाही तर चव नाही!"

खोक्यांचा मनोरा सांभाळत मी रस्त्यावर आलो, तर समोर बस थांबलेली आणि खिडकीत माझी ताई! माझ्या तोंडावरून बातमी वाचण्यात ताईचा हात कुणी धरणार नाही. मी पटकन तोंड खोक्यांमागे लपवलं आणि गल्लीत पळालो.

आता पुढे माझा जो गोंधळ उडाला तो तुमचा उडू नये, म्हणून आधीच सांगून टाकतो. ताईला दिसलं ते असं: आपला भाऊ हॉटेलच्या मागच्या दारातून पार्सलांची चळत घेऊन निघाला आणि बहिणीला बघून शरमेने तोंड लपवून पळाला. म्हणजे कंपनीतून काढून टाकलं याला, आणि आता पोरगा घरोघर पार्सलं पोचवतोय! आई ताईकडेच राहते. ताईने घरी पोचताच तिला हे सांगितलं असणार, कारण मी इकडे कढई तापवेपर्यंत त्या दोघी दारात हजर झाल्या.

मी ऐन रंगात होतो. कढईतून धूर निघत होता. लसूण पडला मात्र, बायको "लसूण!" असं ओरडून बाथरूममध्ये पळाली. मी नूडल्स कढईत ओतल्या, तेवढ्यात बेल वाजली. दार उघडलं, तर आईचे डोळे सुजलेले आणि ताईच्या हातात तांदळाची पिशवी.

"लपवू नकोस," ताई म्हणाली. "आम्हाला सगळं कळलंय."

"कसं कळलं?"

"या डोळ्यांनी पाहिलं!"

मी चक्रावलो. अजून डोळ्यांना दिसण्यासारखं काही नव्हतंच की!

"किती दिवस झाले रे?" आईने विचारलं.

"दोन महिने होत आले."

"दोन महिने! आणि आईला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगणारच होतो. तिसरा लागला की."

आईने आवाज बारीक केला. "तुझी काही चूक झाली होती का?"

"चूक कसली, आई! दोघांनी नीट विचार करून ठरवलं."

"म्हणजे ही पण हो म्हणाली?" ताई किंचाळली.

"तिने हो म्हटल्याशिवाय कसं होईल, ताई?"

"आणि आता पुढे काय?"

"पुढे काय? सात महिने वाट बघायची."

"सात महिने!" आई मटकन खुर्चीत बसली. "तुझ्या बाबांवर कधी अशी वेळ आली नाही रे!"

"बाबांवर कशी येईल?" मी म्हणालो. मला खरंच कळेना.

आईने मला जवळ ओढलं, पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे, बाळा. गेली तर गेली. दुसरी मिळेल. हिच्यापेक्षा चांगली मिळेल."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली! बायको आत ओकून हैराण झालीय आणि माझी जन्मदाती मला दुसरी बघून देतेय!

"आई! काय बोलतेस हे? मला हीच हवी!"

"हिच्यात काय होतं एवढं?" ताई फणकारली. "दिवसभर राबवून घ्यायची, सुट्टीच्या दिवशीसुद्धा सोडायची नाही. मेली कटकट गेली एकदाची!"

बाथरूमचं दार उघडं होतं. दारात बायको उभी होती, हातात टॉवेल, चेहरा पांढराफटक.

"दुसरी कोण मिळणार आहे याला?" तिने विचारलं.

"नोकरी!" ताई म्हणाली.

"तुझी नोकरी गेली?" बायकोने मला विचारलं. "आणि मला सांगितलं नाहीस?"

मी ताईकडे वळलो. "गेली का?"

खरं सांगतो, त्या क्षणी माझी खात्रीच पटली होती, की नोकरी गेलेलीच असणार आणि रविवार असल्यामुळे मला अजून कळवलं नसणार!

"थांबा!" आई म्हणाली. "नोकरी गेली नाही, तर सात महिने वाट कसली बघायची?"

"बाळाची!" मी ओरडलो.

आत कढई चरचरत होती. आईच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उमटत गेली, आणि मग तिने एका हाताने बायकोला कुशीत घेतलं आणि दुसऱ्या हाताने मला टपली मारली. "आणि पोटुशा पोरीला या धुरात ठेवलंस?"

धूर! मी धावलो. नूडल्स तळाला काळ्याकुट्ट होऊन बसल्या होत्या, गंजलेल्या स्प्रिंगांसारख्या. आईने खिडक्या उघडल्या, ताईने वरवरच्या वाचलेल्या नूडल्स काढून घेतल्या. खालची खरवड मी झाऱ्याने खरडून कचऱ्यात टाकायला निघालो. इतका मोठा बेत, आणि बायको पुन्हा कोरड्या पावावरच! मला अगदी रडू येत होतं.

"ते काय आहे?" बायकोने नाक वर करून विचारलं.

"करपलेलं. टाकतोय."

"टाकू नकोस. खोक्यात घाल."

तिने सोफ्यावर मांडी घातली आणि ते काळं कुरूमकुरूम खाल्लं. आम्ही तिघं तोंडाचा आ करून बघत होतो. खोकं रिकामं झालं, तिने तळ बोटाने पुसून घेतला आणि म्हणाली, "आणखी आहे?"

आईने पुन्हा डोळे पुसले, या वेळी हसत. वरच्या चांगल्या नूडल्स तिने आणि ताईने खाल्ल्या, आणि मीठ कमी आहे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून तडक घरी आलो. म्हटलं, आता काय, आपल्याला जमलंय! तीच कढई, तोच जाळ, तेवढाच धूर. आई आणि ताई मुद्दाम बघायला आलेल्या. मी मुद्दाम हलवलं नाही, गॅस कमी केला नाही, स्वयंपाकघरातून बाहेर जाऊनसुद्धा उभा राहिलो. आणि परत येऊन बघतो तर काय! एकेक नूडल मोकळी, सोनेरी, चकचकीत. तळाला एक धागासुद्धा लागला नव्हता!

"अरे वा!" ताई म्हणाली. "अगदी हॉटेलसारख्या!"

बायकोने खोकं उघडलं, आत डोकावली आणि भरल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बिघडवल्यास ना!" ती म्हणाली आणि पावाचा तुकडा उचलला.