कुरडईला हात लावू नये

टेक्सासमधल्या शुगर लँडमधलं आमचं ‘विलोबी व्हिलेज’ हे एक ऐतिहासिक इंग्रजी खेडं आहे. ते २०१८ साली बांधलं. घरं दगडी दिसतात, धुराडी खोटी आहेत आणि बाहेर काहीही वाळत घालायला बंदी आहे. आमच्या वारसा समितीच्या मते जुन्या काळी इंग्रज काही वाळत घालत नसत. समितीचे अध्यक्ष अवधूतराव, मूळचे नागपूरचे.

त्या दुपारी ‘उत्कृष्ट जतन’ पुरस्काराच्या परीक्षक बाई गाव बघायला यायच्या होत्या. आणि नेमक्या तेव्हाच माझ्या बायकोनं, उत्तरानं, लॉनवर पांढरी चादर पसरून कुरडया घातलेल्या! आमची लेक अनया गरोदर. संध्याकाळी अल्फारेटाहून विमानानं येणार होती आणि तिला डोहाळे लागले होते आईच्या हातच्या कुरडईचेच. त्यासाठी उत्तरा गहू भिजवण्यापासून टेक्सासच्या दमट हवेशी भांडत होती.

अवधूतराव धावत आले. “वहिनी, आत घ्या! हे इंग्लिश नाही!”

“ओल्या आहेत अजून. चीक काय तुमच्या समितीनं काढला?”

तेवढ्यात परीक्षक बाई हजर. “हे काय आहे?”

“लेस,” अवधूतराव डोळ्याची पापणी न लववता म्हणाले. “सतराव्या शतकातली. गव्हापासून करत.”

बाईंनी गुडघे टेकले. ही कला खुद्द इंग्लंडमध्येही उरलेली नाही, असं त्या भारावून म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. पुरस्कार जागेवर मिळाला. अट एकच: वस्तू आहे तिथे, आहे तशी राहावी. लगेच दोरी आली, पाटी आली. तळणं म्हणजे वारशाची विटंबना ठरली. शिवाय एकाच लॉनवर वारसा असणं विसंगत, म्हणून समितीनं घरटी एक चादर सक्तीची केली. ज्यांना कुरडया येत नाहीत त्यांना प्लॅस्टिकच्या चालतील.

संध्याकाळी अनया आली आणि तिनं दोरीवरून हात घातला.

“बेटा, हेरिटेज आहे ते,” अवधूतराव म्हणाले.

“काका, आय ॲम प्रेग्नंट!”

“म्हणूनच तर! नेक्स्ट जनरेशनसाठीच प्रिझर्व्ह करतोय ना आपण!”

उत्तरा ढसाढसा रडली. मी इंडियन स्टोअरमधून कुरडयांचं पाकीट आणून तळलं. पोरीनं एक घास खाल्ला आणि बशी सरकवली.

आता दर शनिवारी मराठी मंडळी गाड्या भरभरून येतात, दोरीशी सेल्फी काढतात. “परदेशात राहून किती जपलंय हो यांनी!” म्हणतात. तुम्हीही या. चीक कसा घाटायचा, असं फाटकावर कुणी विचारत नाही, तेव्हा घाबरू नका.