घरत साहेबांचा घोट

घरत साहेब कुणाच्याही घरी गेले की चहाआधी पाणी मागत आणि पहिला घोट तोंडात धरून छताकडे बघत बसत. तोवर घरातली माणसंही गप्प. मग घोट गिळून निकाल सांगत, "क्षार वाढलेत. उपसा कमी करा." लग्नाच्या वयात म्हसळ्याला मुलगी पाहायला गेले, तिथेही हेच. मुलीचं नाव विचारायच्या आधी त्यांनी विहिरीची खोली विचारली. ते स्थळ मोडलं आणि साहेबांनी पुढे दुसरं पाहिलंच नाही.

सरकारच्या भूजल कार्यालयात ते भूवैज्ञानिक, मी कारकून. किनाऱ्यावरच्या ठरलेल्या विहिरींत टेप सोडून पाण्याची पातळी मोजायची आणि बोअर कुठे घ्यावी, कुठे घेऊ नये ते सांगायचं, हे आमचं काम. साहेब बहुतेकांना नकोच सांगत. समुद्राजवळ गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, फार उपसलं की खालचं खारं वर येतं, हे ते प्रत्येकाला चित्र काढून समजावत आणि शेवटी म्हणत, "पाणी हाय, पण ते तुमच्या एकट्याचं न्हाय."

चौलला त्यांची थोरली बहीण, सुमनताई. नवरा वारल्यावर तिने नारळ-सुपारीच्या वाडीत पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. विहीर पुरेना म्हणून बोअरसाठी भावाला बोलावलं. साहेबांनी यंत्र लावून दिवसभर वाडी तपासली आणि लेखी अभिप्राय दिला : बोअर घेऊ नये.

ताईने कागद त्यांच्याच हातात परत ठेवला. "साहेब तू लोकांचा. मला भाऊ म्हणून सांग."

"भाऊ म्हणूनच सांगतोय," साहेब म्हणाले.

तिने तळहातावर नारळ धरून पाणी दाखवणारा माणूस आणला. बोअरला पाणी लागलं, तेही गोड. त्या दिवसापासून तिने भावाशी बोलणं टाकलं. तिसऱ्या उन्हाळ्यात बोअर खारी झाली, मागोमाग विहीरही. सुपाऱ्या करपल्या, पाहुणे यायचे थांबले. मी ऑफिसात म्हणालो, "साहेब, शेवटी तुमचंच खरं झालं." त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी एका रविवारी त्यांची गाडी बंद पडली म्हणून त्यांनी मला माझी घेऊन बोलावलं. डिकीत पिण्याच्या पाण्याचे सहा कॅन चढवले आणि चौलचा रस्ता दाखवला. वर्षभर दर रविवारी हे चालू होतं, हे मला तेव्हा कळलं. ताईच्या बेड्यापाशी, वाडीच्या फाटकाशी, त्यांनी भरलेले सहा कॅन उतरवले आणि तिथे ठेवलेले सहा रिकामे उचलले. घराचं दार उघडं होतं. आत कुणीतरी हललं, पण बाहेर आलं नाही.

परतताना मी विचारलं, "ताई अजून बोलत नाहीत?"

"न्हाय." साहेब मांडीवरचा रिकामा कॅन फिरवून बघत होते. "खाऱ्या पाण्याने धुतले तर पांढरे डाग पडतात," ते म्हणाले. "ती गोड्याने धुऊन ठेवते."