साडूचा बॉक्स आणि हळदीचा ड्रम

“मोज्यात! अहो, मोज्यात कोंबून हळदीच्या ड्रमला घड्याळ बांधलं तुमी? काहून बांधलं?”

“चावी बसावी म्हणून.”

“ह्या घड्याळाला चावी कुठं हाय?”

“न्हाई म्हणूनच तर बांधलं!”

यशोदाबाईंनी कपाळावर हात मारला. हात हळदीचा, त्यामुळे कपाळ पिवळं झालं आणि उकंडरावांना हसू आलं. बायको भांडत असताना हसू नये, एवढी अक्कल कुरुंदा गावात बैलालासुद्धा असते. उकंडरावांना नव्हती. मग त्या भांडणाला खरी धार चढली.

मूळ दुखणं घड्याळाचं नव्हतंच, साडूचं होतं. गेल्या अधिक महिन्यात मेव्हण्यानं, म्हणजे पुण्याच्या विजयकुमारनं, दोन्ही जावयांना धोंड्याला बोलावलं आणि अनारशांबरोबर एकसारखी दोन घड्याळं दिली. थोरला जावई हिंगोलीचे भागवतराव, म्हणजे यशोदाबाईंच्या अक्काचे यजमान, धाकटे आपले उकंडराव. “दाजी, ह्याला सेल न्हाई,” विजयकुमारनं समजावलं होतं. “हातात घाला, हात हलला की आपोआप चालतं.”

उकंडरावांनी घरी आल्याबरोबर ते धुतल्या टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवलं. (रोज घालून झिजवायला ती काय चप्पल आहे?) पेटीतलं घड्याळ दोन-तीन दिवसांत गप झालं. औंढ्याच्या लग्नात ते हातात चढलं, आणि भर पंगतीत भागवतरावांनी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, “उकंडराव, किती वाजले?”

उकंडरावांनी बाही सारली, घड्याळ पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, “सव्वासात.”

डोक्यावर दुपारचं ऊन होतं. मांडव असा हसला की वाढप्याच्या हातून बुंदी सांडली.

त्यानंतर उकंडराव काही कामानं भागवतरावांच्या खताच्या दुकानात गेले, तर गल्ल्याशेजारी एक काचेचा बॉक्स. आत निळा दिवा, मखमलीची उशी, उशीवर साडूचं घड्याळ. आणि ती उशी घड्याळासकट हळूहळू फिरत होती, पाळण्यात लेकरू झोपवावं तशी. “घातलं न्हाई तरी बंद पडत न्हाई,” भागवतराव म्हणाले. “बराबर टाइम.” गिऱ्हाइकं युरिया विसरून तिकडंच बघत होती. उकंडरावही तिकडंच बघत राहिले, आणि समोरचा चहा साय धरून थंड झाला.

ते तडक बाजारातल्या लिंबाजीच्या घड्याळाच्या दुकानात गेले.

“काका, सारखा गरगर फिरणारा घेऊ नका,” लिंबाजी म्हणाला. “थोडा फिरंल, मंग थांबंल, मंग उलटा फिरंल, आन् आवाज करणार न्हाई, तोच बॉक्स भरवशाचा.”

“फिरतो, थांबतो, बोलत न्हाई. असा सालगडी असंल तर तोबी दाखव. भागवतरावनं कोन्ता नेला?”

“ह्योच.”

“मंग ह्याच्याहून मोठा दे.”

“मोठ्यात चार घड्याळं बसतेत, काका. तुमच्याकडं एकच हाय.”

“बाकीच्या जागेत मी बसतो. तू दे!”

मोठा मुंबईहून मागवावा लागणार होता, आणि पुतणीचा, पूजाचा, साखरपुडा तर परवावर आलेला. तिथं भागवतराव टाइम विचारणार, हे सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं. उकंडराव रिकाम्या हातानं घरी परतले, तर अंगणात वाळलेली हळद पॉलिश करायचा ड्रम फिरत होता. थोडा फिरत होता, माल बदलताना थांबत होता. आवाज करत होता, पण तो गावाला ऐकू येणार, घड्याळाला थोडाच! उलटा तेवढा फिरत नव्हता. (उलटं डोकं चालवायला ते स्वतः होतेच.) त्यांनी घड्याळ मोज्यात घातलं, मोजा ड्रमच्या जाळीला बांधला आणि कुणाला काही न सांगता साखरपुड्याचा सदरा इस्त्रीला घेऊन गेले.

आता हळद पॉलिश होत आली की रंग चढावा म्हणून ड्रमवर हळदीचं पाणी शिंपडतात. यशोदाबाईंनी दरवर्षीसारखं शिंपडलं. हात राखून शिंपडणं त्या बाईच्या स्वभावात नाही. साखरपुड्याच्या दिवशी ड्रम रिकामा करताना मोजा हाताला लागला, आणि मोज्यातून निघालं ते हे पिवळंधमक घड्याळ.

“चालून तर राहिलं ना!” उकंडराव कानाशी धरून म्हणाले.

“चालून राहिलं, पण नवरदेवावानी दिसून राहिलं! आणा इकडं, साबण लावते.”

एवढ्यात दारात गाडी वाजली. औंढ्याला साखरपुड्याला सोबत जायचं म्हणून भागवतराव न्यायला आले होते. उकंडरावांनी झटक्यात घड्याळ मनगटावर चढवलं. ऊन नेमकं त्याच्यावर पडलं. भागवतरावांचा पाय उंबऱ्यातच अडकला.

“उकंडराव... सोन्याचं पाणी दिलं?”

उकंडरावांनी बाही आणखी वर सारली.

“कोणाकडनं केलं? हिंगोलीत तर असं कोणी करत न्हाई.” भागवतरावांनी आपलं मनगट पाहिलं. “माझं पांढरं दिसून राहिलं ह्याच्यापुढं. असं करा, तुमचं मला द्या, माझं तुमी घ्या. वरून बॉक्स देतो.”

“बॉक्स?” यशोदाबाईंचे डोळे मोठे झाले. “अहो, द्या की! त्या बॉक्सपायीच तर जेवण सोडलं होतं तुमी!”

पण साडूला जी वस्तू हवी, ती आपल्याकडं आहे, या विचारानंच उकंडरावांची छाती ड्रमएवढी झाली होती. “न्हाई द्यायचं,” ते म्हणाले.

“निळा दिवा हाय त्याला!”

“दिवा तुमालाच लखलाभ. मेव्हण्यानं मायेनं दिलं हे मला.”

“मलाबी त्यानंच दिलं! थोरला जावई मी, सोन्याचं मलाच शोभंल!” भागवतरावांनी मनगट धरलं.

“सोडा!”

“बघू तर द्या!”

“नजर लागंल, सोडा म्हणतो!”

दोन म्हातारे जावई उंबऱ्यात मनगटाची ओढाओढी करू लागले. भागवतरावांच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर पिवळे पंजे उमटत होते, ते त्यांना दिसत नव्हते. यशोदाबाईंना दिसत होते. त्यांनी पदर खोचला, दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या, नवऱ्याच्या मनगटावरून घड्याळ काढून साडूंच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या:

“घेऊन जा दाजी, आन् अक्काला सांगा, महिनाभर हळद विकत आणू नको, वरणात हे घड्याळच बुडवत जा.”