अप्पांची अक्षरं मोठी करताना

कॉम्प्युटरचं लिनक्स म्हणजे माझ्या हातचा मळ, हे अख्ख्या तेर गावाला ठाऊक आहे. कारण मीच सगळ्यांना सांगितलंय!

त्यामुळं अप्पांच्या लॅपटॉपवरची अक्षरं मोठी करायचं काम मी हसत अंगावर घेतलं. अप्पा, म्हणजे माझे वडील शांतलिंग, जन्मभर साखर कारखान्यात टायपिस्ट होते. काचबिंदूनं त्यांची नजर कमी होत चाललीय. तरी रोज लिंगपूजा झाली की स्क्रीनला नाक लावून टेक्स्ट एडिटरमध्ये आमच्या गेलेल्या अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, सिद्धम्माला, घरची खबर लिहितात. म्हैस व्याली, सुनेनं आमटीत तिखट जास्त टाकलं, असलं सगळं.

ते पूजेला बसले होते तेवढ्यात मी अक्षरं चिंचोक्याएवढी केली. तिथंच थांबलो तर मी कसला! डोळ्यांना गार वाटावं म्हणून मागचा रंगही काळा केला आणि ऐटीत धाराशिवची एसटी पकडली. अक्षरंही काळीच राहिली, हे काही ध्यानात आलं नाही.

दुपारी परतलो तर राजेश्वरी, माझी बायको, दारातच उभी. अप्पा जेवले नाहीत म्हणाली. पुन्हा गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन बसलेत, पार डोळ्याशी धरून.

"काय झालं अप्पा?"

"काय न्हाय. आज अक्षरं गेली बघ. लिंग दिसतंय तवर बघून घ्यावं म्हनलं."

धावत जाऊन अक्षरं पांढरी केली, तर काळ्यावर पानभर मजकूर उमटला! बोटांच्या सवयीनं, काहीच न दिसता लिहिलेला. त्यात डोळ्यांबद्दल एक अक्षरही नव्हतं. सिद्धम्मा, घरी सगळं बरं आहे, काळजी करू नको, एवढंच पुन्हा पुन्हा.

मला रडू आवरेना. लॅपटॉप तसाच उचलून अप्पांसमोर ठेवला. चूक माझी होती, तुमचे डोळे गेले नाहीत, असं कसंबसं सांगितलं.

"बघा अप्पा. दिसतंय का आता?"

अप्पांनी चाचपडत माझ्या पाठीवर हात ठेवला. "व्हय की. लख्ख दिसतंय. तू रडू नगं."

मी छाती फुगवून राजेश्वरीकडं पाहिलं. तिनं खालची वायर दाखवली. उचलताना चार्जर निघाला होता, आणि बॅटरी तर कधीचीच मेलेली. स्क्रीन बंद होती.

चार्जर लावून लॅपटॉप पुन्हा सुरू केला, एडिटर उघडला. चिंचोक्याएवढी पांढरी अक्षरं उजळली. दिसतंय का, असं पुन्हा विचारायची मात्र या लिनक्सवाल्याची छाती झाली नाही.