बंद फॅन पाहिजे

"पास झालीस तर गाळा तुझा. न्हाय तर युवराज तितं मोबाईलची कव्हरं लावणार," आप्पा म्हणाले आणि त्यांनी ताटातली कडक भाकरी कडाकड मोडली. विषय संपला.

सोलापूरच्या नवी पेठेत आप्पांचं साड्यांचं दुकान होतं. त्याला चिकटून एक गाळा होता, एवढा चिंचोळा की आत गेलेल्या माणसाला वळायचं असेल तर आधी बाहेर यावं लागे. पण त्याच्यावर दोघांचा डोळा होता. सून रेश्माला तिथे फॅन, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायचं दुकान टाकायचं होतं. पुतण्या युवराजला काही करायचं नव्हतं, फक्त जिथे बसून काही करायचं नाही अशी स्वतःची खुर्ची हवी होती.

"बाईमाणूस स्क्रू ड्रायव्हर घिऊन बसल्यावर लोक काय म्हणतील?" आप्पांनी जाता जाता विचारलं.

"फॅन झाला का, म्हणतील की," रेश्मा म्हणाली. ती वैरागची. तिकडच्या पोरींना उत्तर शोधावं लागत नाही.

रेश्मा ज्या कम्युनिटी कॉलेजात शिकत होती ते सरकारी. फी इतकी कमी की भरताना माणसाला संकोच वाटावा, आणि वर्गात पाऊल टाकताच तो संकोच पार निघून जावा. 'घरगुती उपकरणे दुरुस्ती' या कोर्ससाठी तिथे एक खोली होती, एक फळा होता, अक्कलकोटकडचे मल्लप्पा बिराजदार सर होते आणि एक बंद टेबल फॅन होता. बाकीची सगळी उपकरणं मंजूर होती. मंजूर होती म्हणजे वर्गात नव्हती.

सर फॅनकडे बोट दाखवून विचारत, "हा का फिरत नाही?"

"बुश जाम आहे, सर!" अख्खा वर्ग ओरडे.

"उपाय?"

"तेल घालणे, सर!"

"शाब्बास." आणि तास सुटे. तेल कुणीच घालत नसे. एक तर तेलाला मंजुरी नव्हती, आणि घातलं असतं तर पुढच्या बॅचला शिकवायचं काय? कित्येक बॅचा त्या फॅनवर शिकून बाहेर पडल्या, फॅन मात्र वर्षानुवर्षं त्याच वर्गात बसला होता. परीक्षेत 'ग्राहकाशी संवाद' यालाही गुण असत. तेव्हा बिराजदार सर स्वतःच ग्राहक होत, स्वतःच तक्रार करत आणि समाधानाने घरी जात.

परीक्षेच्या आदल्या दुपारी खोलीची भट्टी झाली. मे महिना आणि सोलापूर, आणखी काय सांगायचं!

"या अल्ला, जीव चाललाय," रेश्माची मैत्रीण झीनत वहीने वारा घेत म्हणाली. "समोर फॅन हाय आन् आमी वहीनं वारा घेतोय. लाज वाटली पायजे आमाला."

रेश्माला खरंच लाज वाटली. तिने जेवणाचा डबा उघडला. लसूण घातलेल्या शेंगाचटणीवर वरून घेतलेलं बोटभर तेल तरंगत होतं. ते तिने फॅनच्या बुशात, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कडीत ओतलं, पातं हाताने चार वेळा फिरवलं आणि बटण दाबलं. फॅन आधी खोकला, मग कुरकुरला, आणि भर्रकन फिरायला लागला. पोरींनी टाळ्या पिटल्या.

टाळ्या ऐकून सर धावत आले आणि दारातच थिजले. "अय्योऽ! काय केलीस गं हे?"

"दुरुस्त केला, सर."

"अगं, तो दुरुस्त करायचा नव्हता! तो शिकायचा होता!"

सर फॅन पुन्हा बंद पाडायचा काहीतरी मार्ग काढणार, तेवढ्यात बाहेरून जाणाऱ्या प्राचार्यांना वारा लागला. त्यांच्या केबिनमध्ये छताला फॅन होता, पण तो छताची गरमी तेवढी खाली पाठवत असे. "चालू आहे हा? मग इथे काय करतोय?"

"साहेब, उद्या परीक्षा आहे, त्यासाठी..."

"परीक्षेला बंद फॅन लागतो ना? हा चालू आहे. म्हणजे नियमात बसत नाही," प्राचार्य म्हणाले आणि फॅन केबिनमध्ये नेऊन नियमात बसवला. केबिनला लसणाचा वास सुटला, पण वारा सरकारी असल्यामुळे कुणी बोललं नाही.

बिराजदार सरांनी कपाळाला हात लावला. "उद्या कुणीतरी घरून बंद टेबल फॅन आणा. नाही तर परीक्षा रद्द, सर्टिफिकेट पुढच्या वर्षी."

"सर, इस्त्री चालंल का?" झीनतने विचारलं.

"इस्त्री फिरते का?"

रेश्माला पुढचं वर्ष परवडणारं नव्हतं. पुढच्या वर्षापर्यंत युवराज त्या गाळ्यात मुळं धरून बसला असता. संध्याकाळभर दोघी गल्लोगल्ली फिरल्या. पण मे महिन्यात सोलापुरात कुणाच्या घरी बंद फॅन सापडतोय? इथे माणूस आजारी पडला तर उद्या बघू म्हणतात, फॅन आजारी पडला तर त्याच पावली रिक्षा बोलावतात. "बंद फॅन हाय का?" विचारलं की बाया दार लावून घेत.

शहरात एकच बिघडलेला फॅन उरला होता. तो आप्पांचा होता.

आप्पांच्या दुकानातला फॅन चालू होता, पण असा खडखडायचा की गिऱ्हाइकाला भाव दोनदा विचारावा लागे. सकाळी आप्पा देवाला उदबत्ती लावून समोर चहाला गेले आणि रेश्माने फॅन उचलून रिक्षात घातला. जेवायच्या वेळेआधी परत आणून ठेवू, असा तिचा हिशोब होता. युवराज कोपऱ्यावरच उभा आहे, हे त्या हिशोबात नव्हतं.

बाहेरगावचे परीक्षक गळ्यात ओला टॉवेल टाकून बसले होते. त्यांनी बटण दाबून बघितलं. "हा तर चालतोय."

"आवाज करतोय, सर."

"कागदावर 'बंद फॅन' लिहिलंय. आधी बंद करा, मग चालू करा."

सरकारी कागदापुढे कुणाचं काय चालतं? अख्ख्या बॅचला मिळून एकच फॅन, तेव्हा जिने आणला तिने खोलायचा आणि बाकीच्यांनी बघून पास व्हायचं असं ठरलं. रेश्माने फॅन खोलला. जाळी झीनतच्या हातात, पातं खिडकीत, मोटर रेश्माच्या मांडीवर, आणि त्याच वेळी दारात आप्पा. मागे युवराज, तोंडभर आनंद घेऊन.

"माझा फॅन कुटं हाय?" आप्पा गरजले. मग त्यांना तो दिसला, तीन ठिकाणी.

"हे कोण?" परीक्षकांनी विचारलं.

बिराजदार सर सकाळपासून ग्राहकाचं सोंग पाठ करत होते. त्यांच्या तोंडून पटकन निघालं, "ग्राहक, साहेब."

"वा, खराखुरा आणला! चालू द्या," म्हणत परीक्षकांनी पेन उघडलं.

रेश्माने मोटर मांडीवरून खाली ठेवली. समोर सासरा, बाजूला गुण. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "या आप्पा, बसा. पाणी घ्या."

"पाणी नगं! चांगला चालत हुता की गं त्यो!"

"चालत हुता, पर रडत हुता. आवाज कवापास्नं हाय?"

"तुज्या लग्नाच्या आदीपास्नं!"

"मग आजवर दावला का न्हाय?"

"दावणार कुणाला?"

"मला," रेश्मा म्हणाली. "घरातच हाय की मी."

आप्पांनी फॅनच्या तुकड्यांवरून एकदा नजर फिरवली. मग ते बाकावर बसले आणि पाण्याचा पेला घेतला. परीक्षक पुटपुटले, "संतापलेला ग्राहक शांत केला. पूर्ण गुण."

रेश्माने फॅन जोडला. पात्याचा ढिला स्क्रू आवळला, बुशात थोडं तेल सोडलं, ह्या वेळी चटणीशिवाय. फॅन गुपचूप फिरू लागला. आप्पांनी जाळीला कान लावला. "आवाज कुटं गेला?"

"त्योच तर बिघाड हुता, आप्पा."

अख्खी बॅच पास झाली. युवराजने कव्हरांच्या दुकानाची जाहिरात आदल्या दिवशीच फोनवरून गावभर पाठवली होती. लोक अजून पत्ता विचारतात.

जूनमध्ये गाळ्यावर पाटी लागली: 'बंद आणा, चालू न्या.' शेजारी आप्पा दिवसभर कुरकुरत, की खडखड थांबल्यापासून दुकानात झोप लागते. मग एक दिवस रिक्षातून एक फॅन उतरला. लसणाचा वास आला आणि रेश्माने तो लगेच ओळखला. मागोमाग धापा टाकत बिराजदार सर.

"प्राचार्य साहेबांनी दुरुस्तीला पाठवलाय. चटणीचं तेल वाळलं गं! पुन्हा जाम!" सर घरात बारसं असल्यासारखे खुशीत होते. मग त्यांनी आवाज खाली आणला. "सोमवारपासून नवी बॅच आहे. एवढं कर, साहेबांना सांग, होत नाही म्हणून. माझ्याकडे परत येऊ दे त्याला."

रेश्माने एकदा सरांकडे पाहिलं, एकदा पाटीकडे. सरांना नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं. तेवढ्यात शेजारून आप्पा डोळे चोळत उठून आले.

"ओ मास्तर, ह्या गाळ्यात आलेला फॅन बंद परत जात न्हाय. आमची सून पास झाल्याली हाय."

"अहो आप्पा, मग नव्या पोरींनी शिकायचं कशावर?"

आप्पांनी फॅन उचलून रेश्माच्या पुढ्यात ठेवला.

"त्यास्नी सांगा की, आपापल्या सासऱ्याचा आणा म्हणावं."