समोरून पाहता प्रसूतिगृह

सोनईच्या बाजूच्या एका गावाला प्रसूतिगृह मंजूर झाले. मंजुरी रीतसर होती, त्यामुळे गावाचा आधी विश्वासच बसेना. सर्वांत जास्त हरखल्या त्या पंचायत सदस्या आक्काबाई. त्यांची सून दिपाली पोटुशी होती, आणि तालुक्याचा रस्ता असा की बाई दवाखान्यात पोचण्याआधीच मोकळी व्हायची.

इंजिनिअर भागवत यांनी सभेत नकाशा पसरला. दोन खोल्या, वर स्लॅब. सरपंच आबासाहेबांचा चेहरा पडला.

"ही तर खताची गोदामं झाली. हायवेच्या मंगल कार्यालयाला कसे पांढरे खांब हायेत!"

"ते ग्रीक धाटणीचे, आबासाहेब. अथेन्सला तसं देऊळ आहे, पार्थेनॉन."

"पार्थ? म्हंजी अर्जुनच की! मूळचं आपलंच हाय ते. फकस्त परत आनायचं."

प्रश्न आता संस्कृतीचा झाल्याने विरोध कोण करणार? आक्काबाईंनीही हात वर केला. खांबांच्या दवाखान्यात नातवंड जन्मलं की विहिणीपुढे मान ताठ राहील, एवढा हिशेब त्यांनी केला होता.

खांब शैलीनुसार जाड निघाले, त्यांच्या खर्चात एक खोली गेली. खांबांवर त्रिकोण आवश्यक होता, त्यात दुसरी गेली. त्रिकोण उंच झाल्याने जोते उंच झाले आणि जोत्याला दगडी पायऱ्या लागल्या.

"भरल्या दिवसांची बाई चढंल कशी?" आक्काबाईंनी विचारले.

"शैलीत उतार बसत नाही," भागवत खेदाने म्हणाले.

तपासणी समितीने रस्त्यावर गाडीतूनच शेरा दिला : 'समोरून पाहता काम पूर्ण आढळले.' फीत कापून पाहुणे आत शिरले आणि त्याच पावलात मागच्या तुरीच्या रानात उतरले. डॉक्टरही रुजू झाले. त्यांनी दोन खांबांमध्ये टेबल टाकून पदभार स्वीकारला.

अन् भर दुपारी दिपालीला कळा सुरू झाल्या. टेम्पोतून उतरवून बायांनी तिला कशीबशी पायऱ्यांवर चढवली. आक्काबाईंनी डॉक्टरांना हाक दिली.

"सायेब, आत घ्या की लवकर!"

"आक्काबाई," डॉक्टर हळूच म्हणाले, "तुम्ही आतच उभ्या आहात."

मग बायांनी खांबाखांबांना लुगडी बांधली. डॉक्टरांनी गुडघे टेकले. वाऱ्याने आडोसा सारखा उडत होता, तो धरून धरून आक्काबाईंची बोटं बधिर झाली. अखेर मुलगी रडली, तेव्हा आक्काबाई तिच्याहून मोठ्याने रडल्या.

पुढच्या सभेत त्या कडाडल्या, "माझी नात उघड्यावर जल्मली, आबा! मागच्या अंगाला खोल्या पाह्यजेत. आत्ताच्या आत्ता!"

सभा गंभीर झाली. भागवतांनी त्रुटी प्रांजळपणे मान्य केली : मागची बाजू फारच बोडकी दिसते.

"मंग मागं बी खांब घ्या," आबासाहेबांनी निर्णय दिला. "कोनाची हरकत?"

आक्काबाईंनी तोंड उघडले. एवढ्यात त्यांच्या ध्यानात आले की, ती मागची बाजू नेमकी आपल्याच अंगणातून दिसते. सकाळी सडा टाकताना समोर पांढरेशुभ्र खांब... त्यांचा हात आपसूक वर गेला. ठराव एकमताने मंजूर झाला.

हसू नका. तुमच्या बंगल्याच्या दारात जे दोन नक्षीदार खांब उभे आहेत, त्यांच्यावर नेमके काय टेकले आहे, तेवढे एकदा बाहेर जाऊन पाहून या.